आम्ही त्याला उचललं तेव्हा

माझा धाकटा भाऊ आंब्याच्या झाडावरून पडला त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी एसटीत कंडक्टर. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या गावांना जाणाऱ्या गाड्यांवर माझी ड्युटी असायची, आणि चैत्र-वैशाखात सुट्टी मिळाली की मी भावाबरोबर काढणीला जायचो. त्याचं ते कामच होतं. मालगुंडच्या अलीकडे कातळावर एका बागायतदाराची कलमं होती, ती तो चार गडी घेऊन उतरवायचा. बाकीचे खालून झेल्याने काढत, म्हणजे लांब काठीला जाळी लावलेली असते तिने. शेंड्याकडचा आंबा मात्र हाच झेला घेऊन वर चढून काढायचा. वय चौतीस. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात आई, तो, त्याची बायको आणि मी. माझी बायको आधीच वारली होती.

सकाळचे दहा वाजले असतील. फांदी मोडली वगैरे काही नाही, त्याचा पाय घसरला. मी खाली क्रेटमध्ये आंबे लावत होतो. आधी त्याचा झेला खाली आला, मग तो. मधल्या एका जाड फांदीवर त्याची पाठ आपटली आणि तो कुशीवर पाचोळ्यात पडला. मी धावलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. रक्त कुठेच नव्हतं.

"दादा, पाठीत काय झालं बघ," तो म्हणाला.

मी काही बघितलं नाही. रक्त नाही म्हणजे वाचला, एवढंच डोक्यात आलं. मी त्याच्या बगलेत हात घातले, एकाने गुडघ्यांखाली धरलं, एकाने कमरेला आधार दिला, आणि आम्ही त्याला उचललं. मधे तो वाकला. पोतं दोन टोकांनी धरलं की वाकतं तसा. तसंच त्याला धरून आम्ही पाखाडीच्या पायऱ्या उतरलो. रस्त्यावर जीप उभी होती. मागच्या सीटवर तो पुरा मावेना म्हणून गुडघे दुमडून बसवला आणि डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. गाडी वळणं घेत होती आणि मी त्याला सांगत होतो, काही नाही, मुका मार आहे. गणपतीपुळ्याचा चढ लागला तेव्हा तो म्हणाला, "पाय खाली सोड ना माझे. मांडी घातल्यासारखं का बसवलंस?"

त्याचे पाय खालीच होते.

रत्नागिरीत एक्स-रे निघाला, संध्याकाळपर्यंत आम्ही कोल्हापूरला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसवले. डॉक्टर बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड आम्ही सरळ केलं आहे. आतल्या मज्जारज्जूला मार लागला आहे, तो आम्हाला जोडता येत नाही. सध्या तिथे सूज आहे. काही आठवडे थांबून बघावं लागेल."

बेंबीखाली त्याला काहीच कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी नाही, बर्फ लावला तरी नाही. पाय मऊ पडले होते, कापडाचे असावेत तसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिले काही आठवडे मज्जारज्जू धक्क्यात असतो, तेव्हा काहीच बोलता येत नाही. आम्ही त्यातला "काही आठवडे" हा शब्द तेवढा धरून बसलो.

तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. पुढे मुंबईच्या एका पुनर्वसन केंद्रात न्यायचं होतं, तिथे जागा रिकामी व्हायला वेळ होता. तोवर रत्नागिरीहून एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून येऊ लागली. तिथल्याच राजिवडा मोहल्ल्यातली मुलगी, पंचविशीची. वडील आखातात होते. डोक्यावरची ओढणी मागे बांधून ती खाली चटईवर बसायची आणि भावाचा एकेक सांधा फिरवायची. घोटा, गुडघा, खुबा. माझ्या भावजयीला ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "दर दोन तासांनी यांना कूस बदलून द्यायची. यांना दुखणार नाही, म्हणून हे सांगणार नाहीत. तुम्हाला घड्याळाकडे बघून करावं लागेल." भावजय सातवी शिकलेली. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता आखला. डावी, उजवी, पाठ. एकही घर तिने रिकामं सोडलं नाही.

सहाव्या आठवड्यात एके दुपारी आईने मोठ्याने हाक मारली. मी नुकताच ड्युटीवरून आलो होतो, गणवेशातच आत गेलो. भावाचा उजवा पाय थरथरत होता. गुडघ्यात दुमडला आणि ताडकन सरळ झाला, मग पुन्हा. भाऊ उशीवरून मान उचलून त्या पायाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"हालला," आई म्हणाली. "माझ्या झिलाचा पाय हालला."

तिने देवापुढे साखर ठेवली, शेजारी सगळ्यांना वाटली. अपघातानंतर तिने हेदवीच्या दशभुजा गणपतीला नवस बोलला होता. तो फेडायला लगेच जायचं म्हणून तिने नारळ सोलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी फिजिओ आली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. तिने पायाला हात लावला तसा तो पुन्हा उडाला. तिने भावाला सांगितलं, "आता तुम्ही स्वतः हलवून बघा." त्याने दात आवळले, मानेच्या शिरा तटतटल्या. पाय पडून होता. "डोळे मिटा," ती म्हणाली, आणि तिने तळव्यावर पेनाच्या टोकाने रेघ ओढली. पाय उडाला. भावाने विचारलं, "कधी सुरू करताय?"

तिने पेनाला टोपण लावलं. मग तिने समजावलं. जखमेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. मेंदूशी त्याचं बोलणं तुटलेलं असलं तरी पायाशी त्याचं बोलणं चालू असतं. पायाला काही लागलं की तो आपल्या आपणच पाय झटकतो, मेंदूला विचारत नाही. धक्का ओसरला की हे असं सुरू होतं. "हे यांनी हलवलेलं नाही," ती म्हणाली. "पाय आपोआप उडतोय."

"पण पक्षाघाताची माणसं चालतात की," मी म्हटलं. "आमच्या गाडीला येतो एक. काठी घेऊन येतो, पण येतो."

"तो मार मेंदूला असतो, दादा. मेंदूत बाजूला दुसरी जागा असते. ती सरावाने ते काम शिकते, थोडंफार तरी. इथे रस्ताच एक आहे. खाडीवर एकच पूल असावा तसा."

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळं कळलं असेल असं मला वाटलं नाही. दुसऱ्या सकाळी उठून पाहतो तर ती लुगडं नेसून तयार, पिशवीत नारळ. मी म्हटलं, "आई, मॅडमनी काय सांगितलं ऐकलंस ना?"

"ऐकलं. मी देवाला बोलले होते, त्याचा पाय हालू दे. हालला. चालू दे असा बोलायचा राहिला, ही माझी चूक. त्याची काय चूक?"

मी रजा टाकून तिला जयगडहून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला आणि तिथून हेदवीला घेऊन गेलो. देवळात तिने नारळ दिला. दुसरं काही मागितलं की नाही, मी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मुंबईच्या केंद्रात जागा मिळाली. भावजय त्याच्यासोबत राहिली, मी पंधरा दिवसांनी जायचो. पहिल्यांदा त्याला नीट बसवलं तेव्हा तो बेशुद्ध पडला. इतके दिवस आडवं राहिलं की रक्त डोक्याकडे चढायला विसरतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. रोज पाच-पाच मिनिटं वाढवत तो बसायला शिकला. मग हातांच्या जोरावर बूड उचलायला, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकायला. नळी घालून वेळेवर लघवी काढायला तो स्वतः शिकला. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि भावजयीला बाहेर जायला सांगितलं. आठवडाभराने तो शेजारच्या पलंगावरच्या माणसाला तेच शिकवत होता. चेष्टासुद्धा करत होता.

गणपतीच्या आठ दिवस आधी तो घरी आला. त्याची खुर्ची फिरावी म्हणून मी उंबरे काढून टाकले होते आणि घरापुढच्या खळ्यात सिमेंटचा उतार घातला होता. त्याचे दंड आता माझ्या मांडीएवढे झाले होते. राजिवड्याची मुलगी पुन्हा येऊ लागली. एकदा तिच्यासमोर त्याने थेट विचारलं.

"मॅडम, मुंबईला सगळे मला धीर देत होते. तुम्ही खरं सांगा. माझे पाय येतील?"

तिने हातातलं काम थांबवलं. "सुरुवातीच्या तपासणीत थोडी जरी संवेदना खाली उरली असती तर मी वाट बघा म्हटलं असतं. तुमच्यात ती नव्हती. आता सहा महिने होत आले. शक्यता फार कमी आहे. नाहीच म्हणणार नाही, पण तिच्यावर दिवस ढकलू नका."

"मग हे रोज पाय फिरवायचे ते कशाला?"

"सांधे आखडू नयेत म्हणून. पाय आखडले तर खुर्चीतही बसता येणार नाही. आणि हातांसाठी. तुमच्या हातांना आता पायांचं पण काम आहे."

त्याने मान हलवली आणि म्हणाला, "चहा घेऊन जा." ती गेल्यावर त्याने भावजयीला सांगून झाडावर चढताना घालायची अर्धी चड्डी आणि कमरेची दोरी गड्यांपैकी एकाला देऊन टाकली.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या आगारात प्रथमोपचाराचं शिबिर होतं. अपघात झाला तर चालक-वाहकांनी काय करायचं, ते शिकवायला एक डॉक्टर आले होते. जखमी माणूस म्हणून आडवं व्हायला त्यांनी कुणाला तरी बोलावलं, मी पुढच्याच रांगेत होतो. मी जमिनीवर पडलो. ते सांगू लागले, "उंचावरून पडलेला माणूस असेल, पाठ दुखतेय म्हणत असेल, तर त्याला बगलेत आणि गुडघ्यात धरून कधीही उचलायचं नाही. पाठ वाकली की मोडलेलं हाड आतल्या मज्जारज्जूत घुसू शकतं. फळी घ्या, दार काढा, काहीही सपाट घ्या. तीन-चार जणांनी एकदम, डोकं-पाठ-पाय एका रेषेत." मग माझ्या सहकाऱ्यांनी मला तसं उचललं, फळीवर ठेवलं. कोणीतरी विनोद केला, सगळे हसले. मी वर शेडच्या पत्र्याकडे बघत पडून राहिलो. डॉक्टर म्हणाले, "उठा आता," तेव्हा उठलो.

त्या बागेत राखणदाराची खोपी होती. तिला फळ्यांचं दार होतं.

तीन महिने मी कुणाला काही बोललो नाही. गाडीत तिकिटं फाडताना, सुटे पैसे परत देताना मला तो पाचोळा दिसायचा. तो पडला होता तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला होता, असं मला वाटायला लागलं. पाचोळ्यात बारीक हालचाल झाली होती. ती मी पाहिली होती की शिबिरानंतर माझ्या मनाने रचली, हे मला अजूनही सांगता येत नाही.

एकदा राजिवड्याची मुलगी स्टँडवर भेटली. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी केलं का हे?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही, दादा," ती म्हणाली. "फांदीवर आपटतानाच सगळं झालं असेल. पुढच्या काही तासांत सूज वाढूनही होतं. उचलताना झालं असेल, हेही शक्य आहे. मी नाही म्हटलं तर ते खोटं होईल."

ती खोटं बोलली नाही म्हणून मला तिचा राग आला. पुढे कितीतरी दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही.

भावाला मी विचारलं ते दुसऱ्या हंगामात. तो आता पुन्हा कामाला लागला होता. बागायतदाराच्या शेडमध्ये बसून आंबा निवडायचा. फळ हातात घेतलं की किती वजनाचं ते सांगायचा, काटा लावून बघावा तर दहा ग्रॅमचाही फरक निघत नसे. दुपारी बाकीचे जेवायला गेले होते, आम्ही दोघंच होतो. मी त्याला शिबिराचं सांगितलं. तो ऐकत होता आणि हाताने निवडतही होता.

"पडलास तेव्हा पाय कळत होते तुला?" मी विचारलं.

त्याने हातातला आंबा क्रेटमध्ये ठेवला. मग म्हणाला, "पडल्याबरोबरचं मला आठवत नाय. तुम्ही उचललंत ते आठवतंय. पाठीतून वीज गेली खाली, पायापर्यंत. मग काय नाय."

मी खाली बसलो.

"दादा, तू विचारलंस म्हणून सांगितलं. नसतं विचारलंस तर सांगणार नव्हतो."

"माझ्यामुळे झालं."

"असेल. नसेलही. तिथं दुसरा कोण होता? कुणाला म्हायती होतं?" त्याने एक डागी आंबा बाजूला ठेवला. "मी पण तसाच उचलला असता तुला."

मग त्याने मला पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. त्यानंतर ही गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाही. रोज सकाळी मी त्याला खुर्चीत बसायला हात द्यायचो आणि तो नको म्हणायचा. त्याच्या त्या बोलण्याने माझं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. पण त्यापुढे मला त्याच्या तोंडाकडे बघता यायला लागलं.

तिसऱ्या वर्षी आंबा उशिरा आला आणि एकदम आला. पाऊस यायच्या आत माल हलवायचा होता. तो सकाळी सातला बसायचा ते अंधार पडेपर्यंत. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या आठवड्यात ते राहिलं. शेडमध्ये खुर्ची आडवी येते म्हणून तो खाली गोणपाटावर बसायचा. भावजय त्याच दिवसांत आंबारसाच्या कारखान्यात कॅनिंगच्या कामाला जात होती. रोज संध्याकाळी ती आरशाने त्याची मागची कातडी तपासायची. तेही तीन दिवस झालं नाही. चौथ्या दिवशी तिने पाहिलं तेव्हा बसायच्या हाडावर आठ आण्याएवढा काळसर डाग होता. त्याला काही कळत नव्हतं.

राजिवड्याची मुलगी आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "वरून लहान दिसतंय. आत खोल असतं हे." तिने त्याला पालथं झोपायला सांगितलं, दीड-दोन महिने बसायचं नाही. तो झोपला. पण जखम उघडली आणि हाडापर्यंत गेली. जंतू रक्तात उतरले. रत्नागिरीच्या दवाखान्यात त्याला दोनदा ठेवलं. दुसऱ्या वेळी, श्रावणात, ताप उतरलाच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "तिला सांग, तीन दिवसांचं मनाला लावून घेऊ नको."

"तूच सांग."

"मी सांगितलं. माझं ऐकत नाय."

संध्याकाळी तो गेला.

मी भावजयीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावोजी, तुमच्या बाबतीत तुम्ही ऐकलंत का त्यांचं?" शेडमधलं आमचं बोलणं भावाने तिला सांगितलं होतं तर. त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं ऐकून मन हलकं होतं का ते.

बाराव्याला राजिवड्याची मुलगी आईजवळ बसून राहिली. आईने तिचा हात धरला होता. मधे एवढंच म्हणाली, "पाय हालला तेव्हा तू खरा बोललीस ता बरा केलंस."

वर्षभराने त्या मुलीने रत्नागिरीत स्वतःचं केंद्र काढलं आणि भावजयीला मदतनीस म्हणून बोलावलं. आता ती सकाळच्या गाडीने जाते, कधी कधी माझ्याच गाडीला असते. पासवाल्यांत बसते, माझ्याकडे बघून मान हलवते. केंद्रात ती रुग्णांना बसवते, उठवते, त्यांच्या घरच्यांना कूस बदलायला शिकवते. घरी आल्यावर तिथलं फारसं बोलत नाही.

गेल्या महिन्यात एकदा मात्र बोलली. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतला एक कामगार त्यांच्याकडे आहे. डोक्याला मार लागून त्याची वाचा गेली होती. पाच महिने फक्त हुंकार द्यायचा. त्या दिवशी त्याची बायको डबा उघडत होती, तर त्याने तिला नावाने हाक मारली. आधी अर्धवट, मग पुन्हा नीट. बायकोच्या हातातला डबा खाली पडला. सगळं केंद्र गोळा झालं.

"मॅडम रडल्या," भावजय म्हणाली. "मी पण. त्या बाईला मी मिठी मारली." ती पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. "पण मग मोरीत जाऊन दार लावून घेतलं. मला तिचा राग आला हो, भावोजी. इतका राग आला. तिनं काय केलं होतं माझं?"

आई चुलीपुढे बसून ऐकत होती.  मी म्हटलं, "जेवून घे."

आईने पान वाढलं. भावजय जेवायला बसली.